बाई, एक विचारू? : मोबाइलभर पीडीएफ, तरी उद्याच्या तासाला काय?

मागच्या अंकात मी एका उत्तरात लिहून गेले होते की शिक्षकाला खरी मदत होते ती दुसऱ्या वर्गावरच्या शिक्षकाचीच, आणि आता ते नेटमुळे सोपं झालंय. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच देतेय. काही जण चिडलेत, काहींना हुरूप आलाय, बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे म्हणून त्यातली निवडक पत्रं घेतलीत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : बाई, आमची द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे दुसरी आणि चौथी. फोनमध्ये अकरा ग्रुप आहेत, सगळे शिक्षकांचेच. जीआर, वेळापत्रकं, प्रश्नपत्रिका, वर्कशीट, दिवसभर येतच असतं, मेमरी फुल होते म्हणून रविवारी डिलीट करत बसते. पण सोमवारी हातच्याची वजाबाकी घ्यायची म्हटलं तर त्यातलं एकही कामाला येत नाही. नेमकं कुठं शोधायचं? (एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : मॅडम, तुमच्या फोनवर जे येतं त्यातलं बरंचसं कुठल्याच वर्गात जाऊन आलेलं नसतं, खरी गोची तिथं आहे. वीस वजाबाक्या छापलेला कागद कोणीही बनवू शकतं, पण तुमचा एखादा पोरगा ५२ वजा २७ बरोबर ३५ का लिहितो हे त्या कागदाला माहीत नसतं. आणि तो पोरगा वाट्टेल ते लिहीत नाहीये हं. त्याला कोणीतरी कधीतरी सांगितलंय की मोठ्या संख्येतून लहान वजा करायची, आणि तो इमानेइतबारे प्रत्येक घरात तेच करतोय, एककाच्या घरात ७ मोठे म्हणून ७ मधून २ गेले ५, दशकाच्या घरात ५ मोठे म्हणून ५ मधून २ गेले ३. त्याच्या डोक्यात नियम पक्का आहे, फक्त तो नियम अर्धाच आहे.

आता तुम्ही ग्रुपवर विचारलंत की "वजाबाकीचं काही आहे का कोणाकडे", तर परत पीडीएफच येणार, दुसरं काय येणार! त्याऐवजी त्या वहीच्या पानाचा फोटो काढा, मुलाचं नाव झाकून, आणि लिहा : दुसरी, पट एवढा, हातच्याची वजाबाकी दोन दिवस घेतली, फळ्यावर सोडवताना सगळे हो हो म्हणतात आणि वहीत सहा जणांनी असं केलंय, तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत? मी असंच विचारलं होतं एकदा आणि त्या रात्री मला जी चार उत्तरं आली ती मी अजून विसरलेले नाही. एका सरांनी सांगितलं, आधी वही बंद करा, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा, पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या पोराच्या हातात द्या आणि म्हणा मला सात काड्या दे. तो दोन देईल, थांबेल, तुमच्याकडे बघेल. तेव्हा काही म्हणजे काही बोलायचं नाही. तो स्वतः गठ्ठ्याचं रबर काढतो. ते रबर तुम्ही काढलंत तर धडा वाया गेला. हे शेवटचं वाक्य कुठल्या वर्कशीटवर असतं सांगा मला? दुसऱ्या एक मॅडम म्हणाल्या, काड्यांपेक्षा आमच्याकडची पोरं दहाच्या नोटा आणि एकच्या नाण्यांवर पटकन येतात कारण दुकानात तीच जातात. तिसऱ्या शिक्षिकेने तर वेगळंच विचारलं, म्हणाली ती सहा मुलं बावन्न म्हटल्यावर ५२ लिहितात की २५?

ते विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्या मराठीत संख्येचं नाव उलटं चालतं. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास मागून येतात, त्यात परत बेचाळीस, बावीस, बासष्ट प्रत्येक ठिकाणी त्या दोनचं रूप थोडं बदलतं, आणि एकोणसाठला तर साठ ऐकू येऊन लिहायचे पन्नासातले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टला साठ तीन, एकवीसला वीस एक असंही वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, टीव्हीवर आठवडाभर चर्चा, आणि त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, ही मुलांच्या सोयीसाठी जोड दिलीय. त्या सगळ्या गोंगाटात मला फार वाटत होतं की दुसरीला रोज शिकवणाऱ्या कोणाला तरी विचारा रे, त्यांच्याकडे वह्या आहेत, त्या वह्यांमध्ये उत्तर आहे.

तर शोधायचं कुठं याचं माझं उत्तर असं की अकरातले नऊ ग्रुप म्यूट करा, जीआर काय कार्यालयातून येतोच. तुमच्याच इयत्तेला शिकवणारे आठ-दहा जण असलेला एक छोटा ग्रुप धरा, नसेल तर तुमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत पुढच्या महिन्यात भेटाल त्यांच्यातूनच करा, आणि नियम एकच ठेवा, फॉरवर्ड नाही, वर्गात घडलेलंच लिहायचं.

प्रश्न : चांगलं सगळं इंग्रजीतच असतं. माझं इंग्रजी बेताचं. भाषांतराचं ॲप वापरतो पण मुलांना वाचून दाखवलं की त्यांना काही कळत नाही. विज्ञान, सहावी ते आठवी. (एक शिक्षक, लातूर जिल्हा)

उत्तर : सर, सगळं इंग्रजीतच असतं हे मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडे मराठीत जे पडलेलं आहे ते आधी वापरून संपवू या आणि मग इंग्रजीकडे जाऊ.

अरविंद गुप्तांचं नाव तुम्हाला माहीत असेलच, आयआयटी कानपूरमधून शिकून बाहेर पडले आणि आयुष्य काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्हट्यूब आणि रिकाम्या बाटल्यांतून खेळणी करण्यात घालवलं, पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कित्येक वर्षं होते, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या साइटवर खेळण्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं फुकट आहेत, त्यात मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. पुण्याहून निघणारं शैक्षणिक संदर्भ हे द्वैमासिक बघा, विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ते लागतंच. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड नेटवर मोफत वाचता येतात, मुलाने वर्गात अवघड काही विचारलं की मी आधी तिथे बघते. आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ पासून फेट नावाची जी सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, केलीत, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलेली, त्यातली बरीच मराठीतसुद्धा आहेत. विद्युत परिपथ जोडायचं सिम्युलेशन सातवी-आठवीला दाखवा, बल्ब समांतर जोडला की काय होतं आणि एकसर जोडला की काय होतं हे मुलं स्वतः तारा ओढून ओढून बघतात. पण खरा सेल आणि खरा बल्ब हातात दिल्यावरच दाखवा, आधी नको, हे माझं ठाम मत आहे. स्क्रीनवरचा सेल गरम होत नाही.

भाषांतराच्या ॲपबद्दल. ते वाक्य नीट करतं पण शास्त्रातला शब्द कुठला घ्यायचा ते त्याला नेहमी जमत नाही. बल, शक्ती, ऊर्जा हे आपण बोलताना एकच समजतो पण विज्ञानात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तसंच चाल आणि वेग. ॲप एका परिच्छेदात बल म्हणतं आणि पुढच्यात त्यालाच शक्ती म्हणून मोकळं होतं, मग मुलाला कसं कळणार? हिंदीतून घेतलेल्या साहित्यातही असंच, तिथला समकोण आपल्याकडे काटकोन असतो. म्हणून भाषांतर झालं की बालभारतीचं त्या इयत्तेचं पुस्तक शेजारी उघडा, ई-बालभारतीवर सगळी पीडीएफ आहेत, आणि त्यातले शब्द टाका. दहा मिनिटं जातात, पण तास वाचतो.

अजून एक, यात माझा स्वतःचा अनुभव सांगते. सेल, चुंबक आणि तांब्याच्या तारेची ती साधी मोटर असते ना, व्हिडिओ बघून मी एका संध्याकाळी तयारी केली आणि दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात ती फिरेचना. मुलं पुढे वाकून बघतायत, मी चुंबक बदलतेय, सेल बदलतेय, शेवटी घंटा झाली. रात्री लिहून टाकलं की अशी अशी फजिती झाली. अर्ध्या तासात सांगलीकडच्या एका शिक्षिकेचं उत्तर, तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा तो थर, किती खरवडलंत? एका टोकाचं पूर्ण काढायचं, दुसऱ्या टोकाचं अर्ध्याच बाजूचं. दोन्हीकडून पूर्ण काढलं तर अर्ध्या फेरीनंतर चुंबक तिला उलटं ढकलतं आणि ती तिथंच हलत राहते, अर्ध्या फेरीत प्रवाह बंद झाला तरच वेगाने पुढं जाते. दुसऱ्या दिवशी तेच केलं, फिरली. मग मुलांना विचारलं काल का नाही फिरली, आणि तो तास मी घेतलेल्या चांगल्या तासांपैकी एक आहे. व्हिडिओत ते दाखवलेलं होतंच, पण तेवढंच महत्त्वाचं आहे हे ज्याची मोटर वर्गात अडली त्यालाच कळतं.

प्रश्न : आमच्या गावात नेटवर्कच नाही. टेकडीवर गेलं तर दोन काड्या येतात. आम्ही काय करायचं? (एक शिक्षक, पुणे जिल्हा, वेल्हे भाग)

उत्तर : सर, तालुक्याला जाल त्या दिवशी उतरवून घ्या. फेटची सिम्युलेशन डाउनलोड करून नेटशिवाय चालतात. सरकारच्या दीक्षा ॲपवर पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा मजकूर आधी उतरवून ठेवता येतो. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही मुलांच्या मोफत गोष्टींची साइट आहे, तिच्यावरच्या गोष्टी पीडीएफ करून घ्या आणि जमलं तर दोन-तीन छापूनच घ्या, मुलांच्या हातात पान असलं की शिक्षकाला फोन धरून उभं राहावं लागत नाही. महिन्याला एकच विषय ठरवून जा, नाहीतर सगळंच उतरवाल आणि काहीच बघणार नाही.

प्रश्न : आमच्या वर्गातल्या कवितेचा व्हिडिओ मी टाकला, खूप लाइक्स आले, अधिकाऱ्यांनीही कौतुक केलं. पण एका मुलीच्या वडिलांनी शाळेत येऊन भांडण काढलं. एवढं काय झालं? चांगलंच दाखवलं ना मुलीला. (एक शिक्षिका, ठाणे जिल्हा)

उत्तर : मॅडम, मला ते वडील बरोबर वाटतात. तुम्हाला राग येईल पण मी दुसरं काही लिहू शकत नाही. ती मुलगी तुमच्याकडे शिकायला येते, तिचा चेहरा कुठे जावा हे ठरवायचा हक्क शाळेला कोणी दिलेला नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, त्यात अठरा वर्षांच्या आतलं प्रत्येक जण मूल धरलंय आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. पण कायदा बाजूला ठेवा, साधं विचारलं असतंत तर बहुतेक पालक हो म्हणाले असते, आणि जे नाही म्हणतात त्यांच्याकडे कारण असतं जे ते तुम्हाला सांगणार नाहीत. एखादी आई घर सोडून मुलीला घेऊन वेगळी राहत असेल, कोणाला शाळेचं नाव कळू द्यायचं नसेल.

तुमची शिकवण्याची पद्धत दाखवायचीच असेल तर हात दाखवा, वही दाखवा, फळा दाखवा, आवाज घ्या. आणि एक विनवणी आहे सगळ्यांनाच, मुलाच्या चुकीचा फोटो टाकताना नाव तर झाकाच पण खाली हसणारी चिन्हं टाकू नका. ती वही शिकण्यासाठी आहे, मजेसाठी नाही.

प्रश्न : मी तीन महिने बसून पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या ८० स्वाध्यायपत्रिका केल्या. आता त्या एका ठिकाणी दुसऱ्याच्याच नावाने फिरतायत. मन उडालंय. परत कशाला द्यायचं कोणाला काही? आणि उलट बाजूने, मी एखाद्या पुस्तकातलं पान मुलांसाठी झेरॉक्स केलं तर तोही गुन्हा का? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : सर, तुमचा राग रास्त आहे. माझ्याही बाबतीत हे झालंय, माझी अपूर्णांकांची सबंध मालिका नाव खोडून एका खाजगी क्लासने छापली आणि विकली. मी त्यांना लिहिलं, उत्तर आलं नाही. मला चार महिने काहीच लिहावंसं वाटलं नाही.

पुन्हा द्यायला लागले ते एका पत्रामुळे, कोणीतरी लिहिलं होतं की तुमच्या चौथ्या पानावर पाव आणि अर्ध्याची बेरीज भाकरीवर दाखवलीत ना, आमच्याकडे मुलांनी भाकरीपेक्षा दोराच्या घडीवर लवकर पकडलं, करून बघा. म्हणजे ज्याने चोरलं त्याच्याकडे फक्त कागद गेला, माझ्याकडे दोर आला. तुम्ही प्रत्येक पानावर नाव आणि वर्ष टाका, पीडीएफच्या पहिल्या पानावर लिहा की वर्गात मोफत वापरा, नाव ठेवा, विकू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने असतात, स्टोरीवीव्हर त्यावरच चालतं, त्यामुळे तिथली गोष्ट कोणीही भाषांतर करू शकतं पण मूळ लेखकाचं नाव पुसू शकत नाही. चोरी थांबेलच असं नाही, पण इमानदार माणसाला काय करावं ते कळतं, आणि इमानदार जास्त आहेत असा माझा अनुभव आहे.

झेरॉक्सचं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला सूट आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी खटला भरला होता, २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांसाठी केलेली वाचन-संकलनं या सवलतीत बसतात असा निकाल दिला. तेव्हा वर्गातल्या तीस मुलांसाठी एक पान काढलंत तर निर्धास्त काढा. पण विकत मिळणारं सबंध पुस्तक स्कॅन करून हजार माणसांच्या ग्रुपवर सोडणं हे त्यात बसत नाही, आणि मराठीत मुलांसाठी पुस्तक काढणारे प्रकाशक हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरलेत, त्यांचं पुस्तक शाळेच्या ग्रंथालयासाठी विकत घ्या हो.

प्रश्न : परिपाठात मी सांगितलं की युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलंय. एका सातवीतल्या मुलाने दुसऱ्या दिवशी सांगितलं की ते खोटं आहे. सगळ्यांसमोर. आता काय करू? (एक शिक्षक, जळगाव जिल्हा)

उत्तर : मुलाचं बरोबर आहे, युनेस्कोने असं काही जाहीर केलेलं नाही. उद्याच्या परिपाठात त्या मुलाचं नाव घेऊन सांगा की याने तपासलं आणि याचं बरोबर निघालं, आणि त्यालाच पुढे बोलावून विचारा कसं तपासलंस. शाळेत यापेक्षा मोठं बक्षीस मला माहीत नाही. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ हेही असंच, २०१२ मध्ये माहिती अधिकारात विचारल्यावर सरकारनेच सांगितलं की कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर आलं म्हणजे तपासलेलं असणार असं आपण धरून चालतो, तिथंच फसतो. मी साधं बघते, हे लिहिणाऱ्याने कुठून घेतलं ते लिहिलंय का? नसेल तर परिपाठात नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, शिक्षक नाही, नोकरी वेगळीच आहे, हौसेने करते. मुलं मराठी समजतात पण उत्तर इंग्रजीत देतात. भारतातल्या शिक्षकांचं साहित्य आणते पण जुळत नाही. (एक वाचक)

उत्तर : जुळणार नाहीच, कारण पहिलीचं पुस्तक हे धरून चालतं की मूल घरी दिवसभर मराठी बोलतंय आणि आता त्याला फक्त अक्षर ओळखायचंय. तुमचं उलट आहे, तुमच्या मुलाला वाचायचं म्हणजे काय ते इंग्रजीतून माहीत आहे, बोलणं अडलंय. म्हणून तुमच्यासाठी मेळघाटातला किंवा गडचिरोलीतला शिक्षक जास्त कामाचा, तो दुसऱ्या भाषेच्या मुलाला मराठीत आणतो रोज. खाली त्याच्यासारख्याचंच एक पत्र आहे ते नक्की वाचा. शिवाय तिकडच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या इतर गावांतल्या मराठी शाळा आहेतच, त्यांच्याशी बोला, तुमची अडचण त्यांनी भोगलेली आहे. वाचायला स्टोरीवीव्हरच्या पहिल्या पातळीच्या गोष्टी घ्या, पानाला एखाद-दोन ओळी असतात. आणि मोठ्या मुलांना बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक दाखवा, १९७१ पासूनचे नेटवर आहेत, त्यांच्या आईबाबांनी लहानपणी वाचलेला अंक शोधून काढायला सांगा आणि त्यावर घरी मराठीत गप्पा मारायला लावा. यातून बोलणं सुटतं.

प्रश्न : बाई, मी शिक्षणसेवक आहे, दुसरं वर्ष. मेळघाटात, धारणी तालुक्यात. पहिलीतली मुलं घरी कोरकू बोलतात, मला कोरकू येत नव्हती. पहिले दोन महिने मी बोलायचो आणि ती नुसती बघायची. मग मी एका वहीत शब्द लिहायला लागलो, एका बाजूला कोरकू, एका बाजूला मराठी, मुलांनाच विचारून. आता साडेतीनशे झालेत. एक मुलगी आहे, वर्गात आजवर एक शब्द बोललेली नाही, पण मी कोरकू शब्द चुकीचा म्हटला की ती हसते. रोज काय झालं तेही थोडं लिहितो. सहकारी म्हणतात रोजच्या पाठाचं टाचण पूर्ण करा आधी, हे कोण वाचणार. खरंच उपयोग आहे का याचा? (एक शिक्षक, अमरावती जिल्हा)

उत्तर : सर, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

उपयोग आहे का विचारताय, मी तुम्हाला एक उलटा प्रश्न विचारते. तुमच्या आधी त्या शाळेत जे गुरुजी होते, त्यांनाही हेच दोन महिने गेले असणार ना? त्यांनीही काही शब्द शिकले असतील, कुठली गोष्ट मुलांना आवडते, कुठल्या पाड्यावरची मुलं कामाच्या दिवसांत आई-बापाबरोबर बाहेर जातात, हे सगळं त्यांना कळलं असेल. ते कुठंय? त्यांची बदली झाली आणि ते त्यांच्याबरोबर गेलं. तुम्ही शून्यापासून सुरू केलंत. तुमची बदली होईल आणि पुढचा माणूस परत शून्यापासून, आणि पहिलीची मुलं परत दोन महिने नुसती बघत बसणार. मला या गोष्टीचं इतकं वाईट वाटतं, जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये काय ज्ञान आहे आणि ते दर बदलीला कसं सांडतं.

कोरकू ही मराठीची बोली नाही हे तर तुम्हाला आता माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, ती मुंडा कुळातली आहे, संथाली, मुंडारीच्या नात्यातली, त्यामुळे अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला मराठी जशी ऐकून ऐकून येते तसं तुमच्या मुलांचं होणार नाही. म्हणून ती वही साधी नाही. लिहीत राहा, आणि दोन-तीन गोष्टी करा. शब्द नुसते लिहू नका, मूल तो कधी बोललं ते वाक्य लिहा, नाहीतर पुढच्या माणसाला शब्द कळेल पण वापरता येणार नाही. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवा, तुम्ही देवनागरीत लिहिताना उच्चार हरवले असतील ते ती सांगेल. मग फोटो काढून धारणी-चिखलदऱ्यातल्या पहिलीच्या शिक्षकांना पाठवा, आणि सांगा की चुकलं असेल तर दुरुस्त करून परत पाठवा. बघा, सहा महिन्यांत ती वही तुमच्या एकट्याची राहणार नाही. मूळ वही मात्र शाळेच्या कपाटात ठेवा, हजेरीपटाशेजारी, दप्तराच्या यादीत नोंदवून. फोन बदलतो, ग्रुप बंद पडतात.

रोजचं लिहिताना छान झालं तेवढंच लिहू नका. आज काय करणार होतो, मुलांनी काय केलं, माझं कुठं अडलं, एवढ्या चार ओळी पुरे. अडलेलं लिहायला लाज वाटते, मला माहीत आहे, पण माझ्या मोटरचं सांगितलं ना वर, मी फक्त यश लिहिलं असतं तर त्या इनॅमलचं मला कोणी सांगितलंच नसतं.

टाचण पूर्ण करा, ते चुकवू नका, पण सहकाऱ्यांना एकदा ती वही वाचायला द्या, न बोलता. आणि त्या मुलीसाठी रोज एक शब्द मुद्दाम चुकवा. चुकीचा म्हणा, थांबा, तिच्याकडे बघा, दुरुस्त करू नका. आधी हसेल. एक दिवस तिला राहवणार नाही. तो दिवस आला की मला पत्र लिहा, ती पहिला शब्द काय बोलली ते नक्की लिहा.